मध्यम आकाराची एक भाकरी

मधुमेह झाला की माणसाच्या हातात पहिल्यांदा एक कागद पडतो. त्याला डाएट चार्ट म्हणतात. तो कोण लिहितं हे कधीच कळत नाही. पण ज्यानं कुणी लिहिला तो सातारा-सांगलीकडे फिरकलेला नाही, एवढं वाचताक्षणी कळतं. सकाळी 'बिनसाखरेचा चहा व 2 मारी बिस्किटे'. अकरा वाजता 'एक फळ (आंबा, केळी, चिकू, द्राक्षे, सीताफळ वगळून)', म्हणजे शेजारी पाटी भरून आणून देतो ते वगळून. दुपारी 'मध्यम आकाराची 1 भाकरी किंवा 2 फुलके'. संध्याकाळी 'मूठभर चुरमुरे'. आणि तळाशी जाड ठशात, 'लग्नसमारंभात जेवणे टाळावे'. हे शेवटचं वाक्य पाळायचं तर आधी नातेवाईक कमी करावे लागतील, आणि त्यावर अजून गोळी निघालेली नाही.

आमचा भूगोलच मुळात या आजाराच्या बाजूचा आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिथंच माणसं स्ट्रॉबेरीवर क्रीम ओतून उभी असतात. खाली साताऱ्यात उतरावं तर कंदी पेढा. कराडच्या बाजूला गुऱ्हाळं. भिलवडीला 1939 साली भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा धंदा सुरू केला आणि पुढं त्याच घराण्यानं अख्ख्या पुण्याला बाकरवडीला लावलं. डाव्या हाताला तासगावचा बेदाणा, त्याच्या पलीकडं आटपाडीची डाळिंबं. सांगली ओलांडून नरसोबाच्या वाडीला दत्ताला जावं तर प्रसादाच्या दुकानात बासुंदी. मध्ये जागा उरली असेल तिथं साखर कारखाने : भुईंज, शेंद्रे, रेठरे, कुंडल, वाळवा, साखराळे. या सगळ्या वाटेवर बिनसाखरेची राहिलेली एकच गोष्ट म्हणजे कृष्णामाई. आणि गळिताच्या हंगामात तिच्या पाण्यात मळी उतरली, मासे वर आले, अशा बातम्या पेपरात आल्या की तिच्याबद्दलही खात्री देता येत नाही.

अशा मुलखात डॉक्टर सांगतात, "कार्ब मोजा."

मोजायला काही अवघड नसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली भारतातल्या अन्नपदार्थांचे तक्ते काढलेत. त्यात शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं आहेत, गव्हाच्या पिठात 64, बाजरीत 62, पांढऱ्या तांदळात 78. फुलक्याला तीस ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एक फुलका एकोणीस ग्रॅमचा. गुणाकार चौथीच्या पोरालाही जमेल. अडचण आहे ती 'मध्यम' या मापाची. साताऱ्याला आमच्या घरी होते ती भाकरी एक. माझी सासुरवाडी तासगाव तालुक्यात. तिथं होते ती दुसरी. दोन्ही भाकऱ्या स्वतःला मध्यमच समजतात.

पिठाचं वजन करायला मी एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि सासुरवाडीला जाताना पिशवीत टाकला. सासूबाई परातीसमोर बसल्या होत्या. आधण पिठात ओतून, उलथन्यानं हलवून, मग तळव्याच्या टाचेनं रगडत होत्या. ज्वारीचं पीठ असं रगडलं नाही तर भाकरीला कडेनं चिरा जातात. गोळा झाला, कोरडं पीठ पसरलं, आणि थापायला हात उचलणार तेवढ्यात मी काटा पुढं केला. "आई, एक मिनिट. गोळा नको, कोरड्या पिठाचं वजन करायचंय. पुढच्या भाकरीचं आधी इथं ठेवा."

त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आत बघून लेकीला हाक मारली. "अगं, जावई पीठ मोजाय लागलंत. घरात कमी पडतंय काय गं?"

काट्यावर नव्वद ग्रॅम आले. नव्वद ग्रॅम ज्वारी म्हणजे एकसष्ट ग्रॅम कार्ब, म्हणजे तीन फुलके आणि वर चौथ्याचा लचका. मी हिशेब मोठ्यानं सांगितला. म्हटलं, "कागदावर मध्यम आकाराची लिहिलीय."

"मध्यम पुढं येत्याती," सासूबाई म्हणाल्या. "ही पोरांची केली."

तेवढ्यात तव्यावरची भाकरी त्यांनी पाण्याचा हात फिरवून उलटली, मग निखाऱ्यापुढं उभी केली. ती टम्म फुगली. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा काढून, आत तेल-मीठ घालून, वर खर्डा ठेवून जावयाच्या पुढ्यात आल्यावर गुणाकार करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

ज्वारीची बाजूही सांगायला हवी. तिच्यात तंतू भरपूर, भातापेक्षा तिपटीहून जास्त, त्यामुळं भातासारखी ती धावत जाऊन रक्तात उडी घेत नाही. हे खरंच आहे. पण आमच्याकडं 'भाकरी शुगरला चांगली' या वाक्यातून पुढं 'भाकरीनं शुगर वाढत नाही' आणि त्यातून 'भाकरी जितकी जास्त तितकी शुगर कमी' असा जो प्रवास होतो, तो कुठल्याही तक्त्यात बसत नाही. मूळ गोंधळ असा की या आजाराला आम्ही 'शुगर' म्हणतो आणि मग पोलिसांनी वर्णन दिल्यावर गावानं धरावा तसा फक्त गोड पदार्थाला धरतो. पेढा पकडला जातो. भात, भाकरी, पोहे, बटाटा, चुरमुरे शेजारून नमस्कार करत निघून जातात. पोटात गेल्यावर या सगळ्यांचं शेवटी ग्लुकोजच होतं, हे सांगणारा माणूस आमच्याकडे फार शिकलेला समजला जातो आणि त्याला कुणी परत जेवायला बोलवत नाही.

भडंगाचंच बघा. सांगलीचा माणूस भडंगाला खाणं समजत नाही. ते बोलता बोलता होतं. चुरमुरे, लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट, तेल. हरभट रोडवर उभं राहून, कागद हातात धरून, महापालिकेचं राजकारण संपेपर्यंत ते चालू राहतं, आणि सांगली महापालिकेचं राजकारण लवकर संपल्याचा इतिहास नाही. "अहो, चुरमुरे म्हणजे काय, हवा!" असं माझा मेहुणा म्हणतो. हवा आहेच. पण ती हवा तांदळाच्या भोवती आहे. पन्नास ग्रॅम चुरमुऱ्यांनी परात भरते, आणि त्या परातीत चाळीस ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात. शिवाय फुगवलेला तांदूळ पचतो झटकन, त्यामुळं साखर चढतेही झटकन. कागदावरच्या 'मूठभर' या शब्दाचा अर्थ मेहुण्यानं मला प्रात्यक्षिक करून दाखवला. त्याची मूठ बेदाण्याच्या व्यापाऱ्याची आहे. तिच्यात पावशेर सहज मावतं.

बेदाण्याची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, हळदीलाही आहे. द्राक्षं तेलात आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळीच्या रॅकवर सावलीत वाळवतात. चार किलो द्राक्षांचा ढोबळ मानानं एक किलो बेदाणा होतो. पाणी जातं, साखर बसून राहते, तिला कुठं जायचं नसतं. म्हणजे बोलता बोलता तोंडात टाकलेले तीस ग्रॅम बेदाणे हा द्राक्षांचा बऱ्यापैकी घोस असतो. चार्टवर द्राक्षं वगळलेली आहेत, बेदाण्याचा उल्लेख नाही. "मग चालतोय की!" असा निकाल मेहुण्यानं दिला. तो वकील व्हायचा राहिला.

'चालतंय की' हा आमच्याकडचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. साखर चालत नाही, पण गूळ चालतो. गूळ नको म्हटलं तर काकवी चालते. खजूर चालतो, मध चालतो. कंदी पेढा चालतो, कारण त्यात खवा भरपूर भाजलेला आणि साखर इतर पेढ्यांपेक्षा कमी, हे साताऱ्याचा माणूस अभिमानानं सांगतो. आणि एकदा कमी आहे म्हटल्यावर चार खायला हरकत उरत नाही. खपली गहू तर चालतोच. कृष्णाकाठी हा जुना गहू अजून पिकतो, त्याला भाव चांगला मिळतो आणि शहरातल्या दुकानांत तो मधुमेहींसाठी म्हणून विकला जातो. गहू खरोखरच इतर गव्हांपेक्षा हळू पचणारा. फक्त आमच्याकडं त्याची भाकरी-चपाती कोण करतं? त्याची खीर करतात. किलोभर खपलीला किलोभर गूळ, वर नारळाचं दूध आणि वेलदोडा, आणि ती वाढताना सांगतात, "घ्या, खपलीची हाय. शुगरवाल्यांसाठीच केलीया."

गुळाचा मुद्दा एकदा मुळाशी जाऊन तपासावा म्हणून मी कराडजवळच्या एका गुऱ्हाळावर गेलो. उसाचा रस काहिलीत उकळत असतो, चुलवणात चिपाडं जळत असतात. भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. गुळव्या पाकाचा एक थेंब पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. त्या एका थेंबावर अख्खी काहील उतरवायची की नाही हे ठरतं. तिथं थर्मामीटरला कुणी विचारत नाही. मी त्याला विचारलं, "गुळानं शुगर वाढते का हो?" तो म्हणाला, "आमच्या गुळानं नाय वाढत. केमिकलच्या गुळानं वाढती." तक्त्यात गुळाचे शंभरातले पंच्याऐंशी ग्रॅम कर्बोदकं लिहिलेत, केमिकलचा असो की नसो. लोह वगैरे थोडं असतं, नाही असं नाही. पण लोहासाठी गूळ खाणं म्हणजे नेमकं किती गूळ खाणं, याचा हिशेब करून पाहिला तर काहील विकत घ्यावी लागेल. हे मी त्याला सांगणार होतो. पण त्यानं पळसाच्या पानावर गरम गूळ आणि त्यात शेंगदाणे घालून पुढं केले आणि वर म्हणाला, "शेंगदाण्यानं बॅलन्स हुतंय."

यात खरी पंचाईत कारखान्याच्या सभासदाच्या घरात होते. आमच्या थोरल्या दाजींचं उदाहरण घ्या. (बहिणीचे यजमान, कोरेगाव तालुक्यात दीड एकर ऊस, आणि रोज दोन वेळा इन्सुलिन.) दिवाळीच्या तोंडावर कारखान्याच्या गट ऑफिसात कार्ड दाखवलं की सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते, कुठं कुठं फुकटही. घरात पन्नास किलोचं पोतं येतं. दाजी कार्डाची साखर सोडत नाहीत. सोडली तर हक्क गेल्यासारखं होतं, आणि सर्वसाधारण सभेत बोलायला तोंड राहत नाही. त्यामुळं ज्या घरात साखर पाहायची बंदी त्या घरात साखर मोजायची पोत्यानं. उसाला दर वाढवून मिळावा म्हणून ते रास्ता रोकोत बसतात, तिथं कार्यकर्ते चहा आणतात, आणि दाजी आंदोलकांच्या गर्दीत उभे राहून ओरडतात, "एक बिनसाखरेचा!" साखरेचा खप वाढावा यासाठी लढणारा आणि स्वतः एक दाणाही न घेणारा असा निःस्वार्थ कार्यकर्ता दुसऱ्या चळवळीत सापडणार नाही.

बिनसाखरेचा चहा मागणं हे आमच्याकडं जाहीर निवेदन असतं. पुण्यात म्हणे माणूस 'नो शुगर' म्हणतो आणि चहा येतो. आमच्याकडं आधी ओसरीवरून आत हाळी जाते, आतून उलट विचारणा येते, "कुणाला?", मग आजी पदर सावरत बाहेर येते. "कधीपास्नं? किती हाय? जेवायच्या आधी का नंतरची?" मग घरातला प्रत्येकजण आपापला आकडा सांगतो. दोनशे चाळीसवाला एकशे ऐंशीवाल्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहतो. तीनशेच्या पुढं गेलेल्या माणसाला खुर्ची देतात. शेवटी चहा येतो तो साखरेचाच. कारण या गडबडीत आधण आधीच टाकलेलं असतं. "आजच्या दिवस घ्या, पुढच्या वेळेपास्नं बिनसाखरेचा."

काटकुळी माणसं या संभाषणात भाग घेत नाहीत. माण-खटावकडचा वाळलेला, उन्हानं रापलेला माणूस आपल्याला शुगर होईल हे मान्यच करत नाही. त्याच्या मते तो ढेरीवाल्यांचा रोग. त्यांच्यासाठी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एक फार छान फोटो काढून ठेवलाय. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. बाहेरून सडपातळ, आतून साठवलेलं. हा फोटो मी गावातल्या एका काटकुळ्या मामांना दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाले, "यातला गोरा कोण?"

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या वर उंबरठ्यावरचे निघाले. त्याच मंडळींच्या पुढच्या अभ्यासात आढळलं की आपण भारतीय दिवसाच्या ऊर्जेतला 62 टक्के वाटा कर्बोदकांतूनच घेतो. बाकीच्या राज्यांचं माहीत नाही. आमचा आकडा यात्रेच्या आठवड्यात काढला नसावा. चैत्रात गावोगावच्या यात्रा असतात. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण. मटणात कार्ब जवळजवळ नसतात, त्यामुळं मधुमेही माणसानं दुसऱ्याच दिवशी पाहुणा म्हणून जावं असं शास्त्र सांगतं. शास्त्र तिथंच थांबतं. मटणाबरोबर बाजरीची भाकरी येते, ती रश्शात कुस्करायची असते, मग रस्सा उरतो म्हणून भात येतो, भात उरतो म्हणून पुन्हा रस्सा.

लग्नाच्या पंगतीत तर सगळा क्रमच उलटा. आधी कोशिंबीर-भाजी-उसळ खावी आणि भात-पोळी शेवटी, म्हणजे साखर हळू चढते, हे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. आमच्या पंगतीची सुरुवात वरणभात-तुपानं. कोशिंबीर पानाच्या डाव्या कोपऱ्यात शोभेला असते. ती मागून घेणारा माणूस वधूपक्षाचा अपमान करतोय असं समजतात. आणि पंगतीत पान हे आपलं नसतंच. ते वाढणाऱ्याचं असतं. आपण हात आडवा धरला तर जिलबी बोटांच्या फटीतून येते.

मध्यंतरी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवणाची लाट आली होती. दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं, मधे काही नाही. दीक्षितांचा हेतू चांगला, पण त्यांचा आमच्याशी परिचय नसावा. एरवी आमचा माणूस बारा मिनिटांत हात धुऊन मोकळा होतो. पंचावन्न मिनिटं मिळालीत म्हटल्यावर आमच्या ऑफिसातले एक साहेब जेवण झाल्यावरही घड्याळाकडं बघून म्हणायचे, "अजून वीस मिनिटं हायत. काय हाय का?" थोडं थोडं वारंवार खा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञ दिवेकर की दीक्षित, यावर त्या काळात भाऊ-भाऊ वेगळे झाले. कारलंवाले, मेथीवाले आणि जांभळाच्या बियावाले हे जुने पंथ होतेच. साताऱ्यात चार भिंतीवर पहाटे फिरायला जा, हे सगळे तुम्हाला एकाच चढावर भेटतील. चालणं मात्र उत्तम, त्यात वाद नाही. जेवणानंतरची पंधरा मिनिटंसुद्धा साखरेला चांगली वठणीवर आणतात. फक्त टेकडी उतरल्यावर पोह्यांची गाडी लागते, आणि कमावलेलं तिथं खर्च होतं.

तपासणीच्या बाबतीत आम्ही अजून शाळेत आहोत. उपचारासाठी आमच्याकडं मिरज. विल्यम वानलेस यांनी 1894 साली तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून कर्नाटकाच्या सीमेपर्यंतचा माणूस बरा व्हायला मिरजेला येतो. एका लॅबच्या बाहेर मी बसलो होतो. उपाशीपोटीचं रक्त दिलं की जेवून बरोबर दोन तासांनी दुसरं द्यायचं. शेजारच्या हॉटेलात सगळे परीक्षार्थी. एकजण एक इडली मागवून तिचे आठ तुकडे करून खात होता. त्याच्या बायकोनं विचारलं, "एवढंच?" तो म्हणाला, "आज रिपोर्ट हाय. उद्यापासनं जेवतो." दोन दिवस आधीपासून भात बंद, आदल्या रात्री फक्त भाजी, आणि रिपोर्ट चांगला आला की संध्याकाळी त्याच आनंदात पेढे. या सगळ्या अभ्यासावर पाणी पडतं ते एचबीएवनसीमुळं. ही तपासणी मागच्या तीनेक महिन्यांचा सरासरी हिशेब सांगते. यात्रा, दोन बारशी, गुऱ्हाळ, सगळं तिच्याकडं नोंदलेलं. शेजारच्या त्या गृहस्थांना डॉक्टरांनी हा आकडा सांगितला तेव्हा ते बायकोकडं वळून म्हणाले, "तू सांगितलंस?"

पण कमी खाणं हेही इथं साधं काम नाही, हे थोरल्या दाजींनी दाखवून दिलं. सांगलीला आमच्या नात्यातलं लग्न होतं. दाजींनी ठरवून टाकलं होतं, आज गोडाला शिवायचं नाही. सकाळी नेमाप्रमाणं इन्सुलिन घेतलं. मुहूर्त लांबला, पंगत लांबली. पंगतीत त्यांनी खरोखरच फक्त कोशिंबीर आणि दोन घास भाजी खाल्ली, जिलबीला हात लावला नाही, भाताला नाही, पोळीला नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. इन्सुलिनला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. ते आपलं नेहमीच्या जेवणाच्या हिशेबानं काम करत राहिलं.

साताऱ्याच्या एसटीत बसलो. पेठ नाका गेल्यावर दाजी कंडक्टरशी दोन रुपये सुट्ट्यावरून भांडायला लागले. दाजी दोन रुपयांसाठी भांडणारे नव्हेत. पाहिलं तर कपाळावर घाम, हात थरथरतायत, नजर भलतीकडं. मागून कुणीतरी "हार्ट अ‍ॅटॅक!" म्हणालं. त्यांच्या पिशवीतलं मशीन काढून बोट टोचलं. अठ्ठावन्न. सत्तरच्या खाली गेलं की साखर द्यायची, पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. मी ओरडलो, "कुणाकडं साखर आहे का?"

अख्खी एसटी पिशव्या उघडायला लागली. एका मावशींनी पेढ्यांचा पुडा काढला. मी म्हटलं, "पेढा नको, खव्यात तूप असतं, साखर चढायला वेळ लागेल." त्यांना ते पटलं नाही. एकानं बेदाणे काढले, एकीनं शेंगदाण्याची चिक्की, एका पोरानं भडंग. पुरणपोळीचा डबा पुढं आला. एका आजोबांनी गुळाची ढेप काढली, पण ती फोडायला दगड लागणार होता. एरवी ज्या गोष्टी नको नको म्हणताना दाजींचा घसा सुकायचा त्या सगळ्या त्यांच्या मांडीवर येऊन पडल्या. साध्या साखरेचा चमचाभर दाणा मात्र कुणाकडं नाही. खिडकीतून कारखान्याचं धुराडं दिसत होतं.

तेवढ्यात मागच्या सीटखालून आवाज आला, "साखर हाय की! पन्नास किलू हाय."

एक पागोटेवाले शेतकरी सभासदाची साखर कराडला लेकीकडं पोचवायला निघाले होते. पोतं ओढून मध्ये आणलं. आता ते उघडायचं कसं? पोत्याची शिलाई बरोबर टोकाचा दोरा ओढला तर सर्रकन उसवते, चुकीच्या टोकाचा ओढला तर आणखी आवळते. चार माणसांनी चार दोरे ओढले. प्रत्येकाचं म्हणणं, हा बरोबर दोरा. शेवटी ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, स्वतः आला, किल्लीनं कोपरा फाडला. मी तीन चमचे बाटलीत घातले. पागोटेवाले रागावले. "अवो, पन्नास किलूचं पोतं फोडलं आन् तीन चमचं? घ्या की वंजळभर!" पाणी ढवळून दाजींना पाजलं. पंधरा मिनिटांनी चौऱ्याऐंशी. मग मावशींनी पोळीचा अर्धा तुकडा दिला. नुसत्या साखरेवर सोडायचं नसतं, मागून काहीतरी टिकाऊ लागतं, ते एकदाचं शास्त्राला धरून झालं. दाजींची नजर ठिकाणावर आली. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, समोरचं पोतं पाहिलं, त्यावरचं कारखान्याचं नाव वाचलं आणि पागोटेवाल्यांना विचारलं, "तुमच्याकडं औंदा किती दर दिला?"

कंडक्टर इतका वेळ दांड्याला धरून पोत्याकडंच बघत उभा होता.

"मामा, ह्या पोत्याचं लगेज काढलंय का?"

पागोटेवाल्यांनी फाटलेला कोपरा मुठीत धरला. "काढा की," ते म्हणाले. "पर तीन चमचं वजा करून काढा."